कायापालटात माझा वाटा

३ जानेवारी

आजपासून मी गुंतवणूकदार. कालपर्यंत चष्मेवाला होतो. एकतीस वर्षं लोकांना ‘आता सगळ्यात खालची ओळ वाचा’ म्हणत आलो आणि आज स्वतः बावीस पानांच्या करारावर एकही ओळ न वाचता सह्या ठोकल्या. प्रत्येक पानावर एक. सोळाव्या पानापर्यंत सही इतकी झोकदार येऊ लागली की थांबावंसंच वाटेना.

दुकान विकून पैसे आले की माणसाने गप्प घरी बसावं. पण माझं एक जुनं गिऱ्हाईक आहे, त्याला मी ‘मालक’ म्हणतो. बसच्या कंडक्टरच्या गळ्यात ते यंत्र असतं ना, बटण दाबलं की कर्रर्र करून तिकीट बाहेर येतं, ते या मालकांच्या कंपनीत बनतं. खरं तर बनायचं. आता प्रवासी फोनवरून पैसे देतात, नवी यंत्रं कोणी घेत नाही, कंपनी तीन वर्षं धापा टाकतेय. मालक माझ्यासमोर बसून म्हणाले, “नवा माणूस आणलाय. तो कंपनी उभी करणार. तुमच्यासारखा अनुभवी माणूस संचालक म्हणून सोबत हवा.” अनुभवी! माझा अनुभव काय, तर फ्रेम सैल झाली की घट्ट करायची. पण छाती अशी फुगली की शर्टाचं बटण सांभाळावं लागलं.

ही वही त्यासाठीच आणली. पुढे कोणी विचारलं की एवढं यश कसं मिळवलंत, तर तारीखवार उत्तर हाताशी असावं.

हिला सांगितलं. म्हणजे अर्धं सांगितलं. अर्धी रक्कम गुंतवली म्हणालो, गुंतवली सगळी. ही गणिताच्या शिकवण्या घेते, तिच्यासमोर आकडा उच्चारताना माझी जीभ नेहमीच जड होते.

“अर्धी?” तिने विचारलं.

“अर्धी.”

“बरं,” म्हणाली आणि मुलांच्या वह्या तपासू लागली. सुटलो.

१२ जानेवारी

संचालक मंडळाची पहिली बैठक. फिरती खुर्ची. मी बसल्या बसल्या जरा वळून पाहिलं तर अर्धी गिरकी बसली आणि तोंड भिंतीकडे झालं. सुदैवाने सगळे पडद्याकडे बघत होते.

नवा माणूस चाळिशीचा आहे. फार हुशार. दर दुसऱ्या वाक्यात ‘कायापालट’ म्हणतो, म्हणून मी मनातल्या मनात त्याचं नाव कायापालटच ठेवलंय. योजना अशी की यंत्रं विसरायची आणि फोनवरचं ॲप काढायचं. सगळं ‘क्लाउड’मध्ये जाणार. पडद्यावर एक रेघ होती, ती डावीकडे खाली रांगत होती आणि उजवीकडे एकदम छताकडे निघाली होती. “ही रेघ म्हणजे आपण,” तो म्हणाला. मला भरून आलं.

शेवटी म्हणाला, “काही प्रश्न?” सगळे माझ्याकडे बघू लागले. काहीतरी विचारायला हवं होतं. मी विचारलं, “रेघ हिरवी का घेतलीत?” तो म्हणाला, “फार मार्मिक प्रश्न.” घरी येईपर्यंत मी त्याच धुंदीत होतो.

३० जानेवारी

संचालकाने कंपनी पायाखाली घालावी, म्हणून आज एकटाच तीन मजले फिरलो. वरच्या मजल्यावर ॲपवाले, काचेच्या भिंती, छान वास. तळमजल्यावर मागच्या बाजूला दुरुस्ती विभाग. एक लांब खोली, सहा टेबलं आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत यंत्रांचा ढीग. फुटकी, भिजलेली, बटणं झिजलेली. विभागाची प्रमुख पन्नाशीची एक बाई आहे, सगळे तिला दुरुस्तीबाई म्हणतात. मी तिच्यामागे उभा राहून पाहत होतो.

“जरा बाजूला व्हा,” ती मान न वळवता म्हणाली, “उजेड अडवताय.”

मी ओळख करून दिली. संचालक म्हणून. तरी तिने मान वळवली नाही. मग म्हणाली, “संचालक आहात तर एक काम करा. मला तुमच्या बैठकीत दहा मिनिटं मिळवून द्या. तीनदा मागितली.” टेबलावर बोटभर लांबीची एक हिरवी पट्टी होती, तारा लोंबत होत्या, ती दाखवून काहीतरी सांगू लागली. ही जुन्या यंत्रात बसवली की असं होतं, तसं होतं. एवढ्यात तिचा फोन वाजला. कुठल्या तरी गावचा बसमालक होता. मी तिथे असेपर्यंत तो फोन नऊ वेळा वाजला. काम कमी आणि फोनच फार, असं माझं मत झालं.

३१ जानेवारी

कायापालटला दुरुस्तीबाईंचा निरोप दिला. तो हसला. “भूतकाळात रमणारी माणसं.” मग मला वाटलं आपणही काही भर घालावी. म्हणालो, “एवढी मोठी खोली, सहा माणसं, आणि सगळं कशासाठी? आपण जी यंत्रं विसरायची म्हणतोय त्यांच्यासाठी?”

तो माझ्याकडे बघतच राहिला. “हे तुम्ही लेखी द्याल?”

दिलं. आयुष्यातली माझी पहिली व्यवस्थापकीय सूचना. अक्षर जरा घोटून काढलं.

१६ फेब्रुवारी

परवा ताईकडे गेलो होतो. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, भाऊजी गेल्यापासून एकटीच ड्रायक्लीनिंगचं दुकान चालवते. मी तिला क्लाउड समजावून सांगत होतो. मला जेवढा समजलाय तेवढ्यात दोन वाक्यांत संपला असता, पण पाऊण तास बोललो. ती कोटाला इस्त्री करत ऐकत होती.

“तू किती घातलेस?” तिने विचारलं.

“सगळे,” मी म्हणालो. तिच्यापुढे मला खोटं बोलता येत नाही, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी ‘सगळे’ म्हणण्यात ऐटही होती.

“मग काहीतरी असेल त्यात.”

आज तिचा फोन आला. दुकानावरची खोली विकून आलेले पैसे तिने ठेवून दिले होते, गुडघे थकले की दुकान बंद करून त्यावर राहायचं म्हणून. त्यातले बरेचसे कंपनीत घालणार म्हणते. मी म्हणालो, “ताई, घाई करू नकोस.” पण मी ते ज्या आवाजात म्हणालो, त्या आवाजात गाडी सुटायच्या आधी ‘चल, चढ लवकर’ म्हणतात.

९ मार्च

घरात पाय ठेवायला जागा नाही. हिने शिकवणीच्या आणखी दोन बॅचेस घेतल्यात. दारात मुलांच्या चपला, दिवाणखान्यात भूमिती, स्वयंपाकघरात बीजगणित. या वयात हिला एवढी हौस कुठून आली कळत नाही. मी म्हणालो, “अगं, आता आराम करायचे दिवस.” ती म्हणाली, “तुम्ही करा.”

आज ॲपचा जाहीर प्रयोग झाला. वीस-पंचवीस बसमालक बोलावले होते. कायापालटच्या फोनवर ॲप सुरेख चाललं. मग एका बसमालकाने आपल्यासोबत आणलेल्या कंडक्टरला पुढे केलं. कंडक्टरने स्वतःचा फोन काढला. ॲप उघडेना. दुसऱ्याच्या फोनवर उघडलं, पण तिकिटावर कालची तारीख. कंडक्टर म्हणाला, “साहेब, आमच्या रस्त्यावर घाट आहे. तासभर फोनला रेंज नसते. तेव्हा काय करायचं?”

कायापालट म्हणाला, “प्रवाशांची मानसिकता बदलावी लागेल.”

मी टाळ्या वाजवल्या. एकट्याने सुरू केल्या की थांबवायच्या कधी हे कळत नाही, म्हणून जरा जास्तच वाजवल्या. जाताना बसमालकांनी मागच्या दाराने दुरुस्ती विभागात रांग लावलेली दिसली. त्यांना बाहेरचा रस्ता सापडला नसावा.

२ एप्रिल

पगार दहा दिवस लांबले. बैठकीत खर्चकपातीचा ठराव. पहिलंच कलम, दुरुस्ती विभाग बंद. ‘संचालकांच्या लेखी सूचनेनुसार’ असं छापलं होतं. मालक चष्मा पुसत होते. (काच मी बसवलेली. पुसायची गरज नव्हती.) “तीस वर्षं जुना विभाग आहे,” एवढंच म्हणाले. माझाच हात पहिला वर गेला. सहा माणसांना पत्रं गेली.

दुरुस्तीबाई जाताना जिन्यात भेटल्या. एका पिशवीत त्यांची हत्यारं. मी म्हणालो, “वैयक्तिक घेऊ नका.” त्या म्हणाल्या, “उजेड अडवू नका.” मी जिन्याच्या खिडकीत उभा होतो खरा.

२१ एप्रिल

वाईट दिवस.

ताईने हिला फोन केला. सहज. बोलता बोलता म्हणाली, “तुम्ही दोघांनी सगळंच घातलंत, मग म्हटलं मी कशाला मागे राहू?”

मी बाहेरून आलो तेव्हा शिकवणी चालू होती. मुलं गेल्यावर ही समोर येऊन बसली. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

“मला पहिल्याच दिवशी कळलं होतं,” ती म्हणाली. “ ‘अर्धी’ म्हणायच्या आधी तुम्ही नाक खाजवलंत.”

“मग बोलली का नाहीस?”

“सह्या झाल्या होत्या ना? मी नको म्हणेन हे तुम्हाला माहीत होतं, म्हणून तुम्ही मला विचारलं नाहीत. राग त्याचा आहे. पैशांचा नंतर येईल, आत्ता वेळ नाही.” आणि उठून पुढच्या बॅचचं दार उघडलं.

मी आज पहिल्यांदा मोजल्या. पाच बॅचेस आहेत.

१९ मे

सकाळी आठ वाजता कायापालटचा सगळ्यांना ई-मेल. त्याने ‘नवं आव्हान’ स्वीकारलंय, दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीत, आजपासून. आमच्यासोबतचा प्रवास समृद्ध करणारा होता म्हणे. कोणाला, ते लिहिलेलं नाही. मी उत्तर पाठवलं, ‘हार्दिक अभिनंदन’.

मालकांना फोन केला. त्यांचा रक्तदाब वाढलाय, डॉक्टरांनी महिनाभर घराबाहेर पडू नका सांगितलंय. म्हणाले, “तुम्ही तरी ऑफिस उघडं ठेवा.”

२० मे

ऑफिस उघडं ठेवलं. ॲपवाली मुलंमुली निम्मी आलीच नाहीत, उरलेली नव्या नोकरीचे अर्ज लिहीत होती. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून वाजणारा फोन मी घेऊ लागलो.

“आमची चाळीस यंत्रं तुमच्याकडे पडलीत, कधी देणार?”

“बाई कुठायत? बाईंना द्या.”

“ती नवी पट्टी तयार झाली का? बाई म्हणाल्या होत्या, एप्रिलपर्यंत देते.”

संध्याकाळपर्यंत बावन्न फोन. वहीत उतरवून घेतले. एकानेही ॲपचं नाव काढलं नाही. एकाला मी विचारलं, “ही पट्टी म्हणजे काय हो?” तो म्हणाला, “तुम्ही कंपनीतच आहात ना?” मी म्हणालो, “संचालक आहे.” तो म्हणाला, “मग असू दे. जुन्या यंत्रात ती बसवली की फोनवरून आलेले पैसे यंत्रालाच कळतात, तिकीट तिथेच निघतं. रेंज नसली तरी चालतं, नंतर जुळवून घेतं. नवं काही विकत घ्यायला नको. आम्ही पाच-सहा मालक वर्षभर बाईंच्या मागे लागलोय.”

फोन ठेवला. ती दहा मिनिटं. तीनदा मागितलेली.

मी तळमजल्यावरच्या दुरुस्तीच्या रिकाम्या खोलीत जाऊन बसलो. सहा टेबलं तशीच होती. दिवा लावायचंही सुचलं नाही.

२३ मे

दुरुस्तीबाईंच्या घरी गेलो. तीन दिवस धीर गोळा करत होतो.

जेवणाच्या टेबलावर मेणकापड, त्यावर यंत्रं. बरणीच्या झाकणांत स्क्रू वेगवेगळे करत त्यांचे यजमान बसले होते. काही बसमालक आता यंत्रं थेट घरीच पाठवतात. सगळं छान चाललेलं. माझ्यावाचून.

मी म्हणालो, “परत या.”

त्यांनी हातातलं काम पूर्ण केलं. मग विचारलं, “विभाग बंद करायची कल्पना कोणाची होती?”

कायापालटचं नाव जिभेवर आलं होतं. माणूस गेलेला, परत येणार नव्हता, कोणाला कळलंही नसतं. पण नाकाला खाज सुटल्यासारखं वाटलं आणि मी घाबरलो.

“माझी,” म्हणालो. “लेखी दिली होती.”

“माहितेय. पत्रात होतं, संचालकांच्या सूचनेनुसार. आणि संचालकांपैकी आमच्या खोलीत कधी पाय ठेवलेले तुम्ही एकटेच.” त्यांनी चष्मा काढला. “दुसऱ्या कोणाचं नाव घेतलं असतंत तर चहा देऊन वाटेला लावलं असतं.”

चहा मिळाला नाही. एवढा चांगला पाहुणचार माझा आजवर झालेला नाही.

त्यांनी अटी घातल्या. साही माणसं परत. वरचे दोन मजले सोडायचे, भाडं वाचवायचं. काय बनवायचं ते त्या ठरवणार. “आणि ॲपवाल्या दोन मुली मला हव्यात,” म्हणाल्या. “त्या दोघीच खाली येऊन प्रश्न विचारायच्या.”

“आणि मी?” मी विचारलं.

“तुम्हाला काय येतं?”

खूप आठवून पाहिलं. “फ्रेम घट्ट करता येते,” म्हणालो. त्यांचे यजमान हसले. त्या हसल्या नाहीत. स्क्रूंचं एक झाकण माझ्याकडे सरकवलं.

मालकांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, “हे मी तीन वर्षांपूर्वी करायला हवं होतं.” मग म्हणाले, “मला वाटलं, दुरुस्तीवर चालणारी कंपनी म्हणजे कमीपणा.”

६ जुलै

एक खोली, नऊ माणसं. वर दुसरं कोणीतरी आलंय, दिवसभर फर्निचर ओढतं. पहिल्या तीनशे पट्ट्या गेल्या, त्यातल्या चौदा परत आल्या. दुरुस्तीबाई त्या चौदा घेऊन दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. आता पट्ट्या परत येत नाहीत.

मी आलेली यंत्रं उघडतो, पुसतो, चिठ्ठी लावतो. काल एक यंत्र उलटं बंद केलं. दुरुस्तीबाईंनी ते सगळ्यांना दाखवलं.

घरी येऊन हिला सांगितलं. ही हसली. एप्रिलनंतर पहिल्यांदा. मी धीर करून म्हणालो, “आता एखादी बॅच कमी कर.” ती म्हणाली, “तुमच्या शब्दावर नाही. पैसे आले की बघू.” बरोबरच आहे.

२८ जुलै

मालक येऊन गेले. हिशेब स्पष्ट आहे. कंपनी मरणार नाही. पण लहान राहणार. छताकडे जाणारी रेघ वगैरे नाही, जमिनीला धरून चालायचं. आम्ही घातलेल्या पैशांची किंमत आज तिसऱ्या हिश्श्यावर आलीय. वाढेल, पण सावकाश. माझं वय बघता फारच सावकाश.

माझं ठीक आहे. मी सह्या केल्या. ताईचं काय?

मे महिन्यापासून मी तिच्याकडे गेलेलो नाही. फोनवर ‘जरा कामात आहे’ म्हणतो. तिने पुन्हा विचारलेलं नाही. आज ही म्हणाली, “तुम्ही जाताय की मी जाऊ?”

३० जुलै

गेलो.

ती काउंटरमागे, मी समोर, गिऱ्हाइकासारखा. सगळं सांगितलं. कायापालट, माझी सूचना, पहिला वर गेलेला हात, तिसरा हिस्सा. पाठ करून गेलो होतो तरी क्रम चुकला. शेवटी म्हणालो, “ताई, माझे शेअर्स मी तुझ्या नावावर करतो. तुझी भरपाई तरी होईल.”

तिने इस्त्री उभी करून ठेवली.

“आणि तुझ्या बायकोने काय करायचं? आणखी दोन शिकवण्या?”

“तू सांगितलंस म्हणून मी पैसे घातले नाहीत,” ती म्हणाली. “मलाही वाटलं, एकदम मोठे व्हावेत. कपडे धुऊन कंटाळले होते. ते माझं मी बघेन, कागद आण, ते वाचेन, मग ठरवेन. पण दोन महिने तू आला नाहीस. गुडघ्यांना इंजेक्शनं घेतली मी या दोन महिन्यांत. रिक्षाने एकटी गेले आणि एकटी आले. मला वाटलं, तुला काही झालंय आणि तुझी बायको सांगत नाहीये.”

समोर एका गिऱ्हाइकाचा लोकरी कोट होता, त्याच्या बाह्या ती पुन्हा पुन्हा सरळ करत राहिली. मी काउंटरच्या आत गेलो. लहानपणी तिने मारलं की मी तिच्याच कुशीत शिरायचो, तसं काहीसं झालं. साठीला आलेल्या माणसाचं हे वर्णन मी इथेच थांबवतो.

मग तिने डोळे पुसले आणि कोट हँगरला लावला.

“ती बाई खरंच चांगलं काम करते?”

“फार.”

“मला बघायचंय. उद्या दहाला घ्यायला ये. जिने किती?”

“एकही नाही. तळमजला.”

“आणि वाटेत मला काही समजावून सांगू नकोस.”

साडेनऊलाच जाईन.